दिवाळीचा फराळ आणि दात : कीड कशाने लागते, दात कशाने तुटतो

गोदाकाठ

वसुबारसेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत घराघरांत फराळाचे डबे भरलेले असतात. या दिवसांत दातांच्या ज्या तक्रारी निघतात त्या दोन जातींच्या असतात. एक म्हणजे कीड आणि ठणका. दुसरी म्हणजे कडक काहीतरी चावताना दाताचा टवका उडणं, दातात भरलेली चांदी निघणं, कॅप सुटणं. दोन्हींची कारणं वेगळी, म्हणून काळजीही वेगवेगळी घ्यावी लागते.

आधी किडीचं. "गोड कमी खा" एवढं सांगून भागत नाही. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हे दाताच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे.

दातांवर जिवाणूंचा चिकट थर कायम असतो. साखर मिळाली की त्यातले जिवाणू, मुख्यतः स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स, तिचं आम्ल करतात. काही मिनिटांत थराचा पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली जातो आणि दाताच्या वरच्या कवचातली, म्हणजे इनॅमलमधली खनिजं विरघळायला लागतात. मग लाळ हळूहळू ते आम्ल मारते आणि खनिजं परत बसवते. याला अर्धा ते एक तास लागतो. वयोमानाने हिरड्या खाली सरकून दातांची मुळं उघडी पडली असतील, तर ती ५.५ च्या बऱ्याच आधी, ६.२ ते ६.७ लाच झिजू लागतात. आजीआजोबांच्या दातांना हिरडीजवळ कीड लागते ती यामुळे.

आता हिशोब करा. एक लाडू, एक करंजी आणि चार शंकरपाळे एका बैठकीत संपवले, तर दात साधारण पाऊण तास आम्लात राहिले. तेवढंच खाणं येता-जाता आठ वेळा तोंडात टाकलं तर आठ पाऊण तास, म्हणजे सहा तास. साखर तेवढीच गेली, नुकसान कितीतरी पट झालं. लाळेला दुरुस्तीची उसंतच मिळाली नाही.

म्हणून डबे जेवणाच्या टेबलावर ठेवू नका, फडताळात ठेवा. फराळ ताटलीत वाढून घ्या, बसून खा, दिवसातून दोनदाच. जमलं तर जेवणाला लागूनच खा, कारण जेवताना लाळ भरपूर सुटलेली असते. शेवटी अर्धा पेला पाण्याने चूळ भरा. पाणी तोंडात घेऊन लगेच थुंकलं तर काही साधत नाही. गाल फुगवून, दातांच्या फटींतून अर्धा मिनिट खळखळवायला हवं.

पारिजात७

फार उपयोगी धागा. एक शंका. नरकचतुर्दशीला पहाटे आधी दात घासायचे, मग अभ्यंगस्नान, मग फराळ, असा क्रम असतो. गोड खाल्ल्यावर पुन्हा लगेच ब्रश करावा का?

गोदाकाठ

पारिजात, हा क्रम अगदी योग्य आहे. फराळाआधी घासल्याने जिवाणूंचा थर निघालेला असतो आणि टूथपेस्टमधलं फ्लोराइड दातावर बसलेलं असतं, त्यामुळे नंतरच्या गोडाचा मारा सौम्य होतो. खाल्ल्यावर लगेच घासू नका. आम्लाने मऊ पडलेलं इनॅमल ब्रशने खरवडलं जातं. चूळ भरा आणि ब्रश करायचाच असेल तर निदान अर्धा तास थांबा. लिंबू सरबत, कोकम, आवळा किंवा कोला असं आंबट काही पोटात गेलं असेल तर तासभर थांबलेलं बरं. कोलाचा पीएच अडीचच्या आसपास असतो, तिथे जिवाणूंची गरजच लागत नाही, पेयच दात झिजवतं.

रात्रीचा ब्रश मात्र चुकवायचा नाही. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री उशिरापर्यंत गप्पा होतात, बेसनाचा लाडू खाऊन तसंच झोपलं जातं, आणि टाळूला, दाढांना चिकटलेलं पीठ सकाळपर्यंत तिथेच राहतं. या सबंध धाग्यातली एकच गोष्ट पाळायची असेल तर ही पाळा : रात्री दोन मिनिटं ब्रश, फेस थुंकायचा, पण नंतर पाण्याने खळखळून धुवायचा नाही. धुतलं की फ्लोराइडही वाहून जातं.

सुगरण_कराड

दात तुटण्याबद्दल स्वयंपाकघराच्या बाजूने लिहिते, कारण दगडासारखा फराळ स्वयंपाकघरातच होतो आणि तो टाळता येतो.

चकली : एक वाटी भाजणीला एक वाटी उकळतं पाणी आणि एक मोठा चमचा कडकडीत तेलाचं मोहन. मोहन कमी पडलं किंवा पीठ घट्ट भिजवलं तर चकली कडक होते, दाताखाली "कट्ट" वाजते पण खुसखुशीत फुटत नाही. मोहन जास्त झालं तर तेलात विरघळते. तेल फार तापलेलं असेल तर बाहेरून लाल, आतून कच्ची राहते आणि दुसऱ्या दिवशी वातड होते. वातड चकली दाढेत रुतून बसते, तीही वाईटच. चांगली चकली दोन बोटांत धरून हलका दाब दिला की मोडते. मोडायला जोर लागला तर त्या घाण्यातली चकली वयस्कर माणसांना देऊ नका.

शंकरपाळे : दूध, साखर, तूप प्रत्येकी एक वाटी. गरम करून साखर विरघळवायची, मिश्रण पूर्ण गार करायचं आणि मग मावेल तेवढा मैदा घालायचा. इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे पोळीच्या कणकेसारखं मळणं. जितकं मळाल तितका मैद्याला चिवटपणा येतो आणि शंकरपाळे कडक होतात. नुसता गोळा जमवायचा, बस्स.

रव्याचा लाडू : पाक एकतारीच हवा. बोटांत धरून एकच तार निघाली की गॅस बंद. पुढे गेला तर दुसऱ्या दिवशी लाडू फोडायला वरवंटा लागेल. बिघडलाच तर लाडू फोडून, दोन-तीन चमचे गरम दूध शिंपडून, तासभर झाकून पुन्हा वळायचे. ते मऊ होतात, पण दुधामुळे फार टिकत नाहीत, दोन-तीन दिवसांत संपवावे लागतात.

बेसनाच्या लाडवाला पाकच लागत नाही, म्हणून अशक्त दातांना तो सगळ्यात सोयीचा. फक्त बेसन मंद आचेवर पुरतं भाजा. कच्चं राहिलं की टाळूला चिकटतं.

सुगरण_कराड

चिवड्याचं राहिलं. भाजके पोहे आणि चुरमुरे तापलेल्या वाळूत फुलवलेले असतात, खारे दाणेही बरेचदा तसेच. एखादा वाळूचा कण त्यात राहून जातो. तो दाढेखाली आला की डोक्यापर्यंत कळ जाते, आणि दाताचा टवका उडायला तेवढं पुरतं. फोडणीत घालण्याआधी पोहे, चुरमुरे आणि दाणे वेगवेगळे गव्हाच्या चाळणीने चाळा. खाली पांढऱ्या कागदावर काय पडतं ते एकदा बघा, नंतर कोणी सांगावं लागणार नाही. मक्याचा चिवडा असेल तर न फुललेले दाणे हाताने वेचून काढा. खोबऱ्याचे काप पातळ करा, जाड काप तळल्यावर लाकडासारखे होतात.

गोदाकाठ

वाळूचा मुद्दा फार मोलाचा. दाढा जोरात मिटत असताना मध्ये टणक कण आला की सगळा दाब एका टोकावर येतो.

कोणाचा दात तुटण्याची शक्यता जास्त? रूट कॅनल केलेली पण कॅप न बसवलेली दाढ पहिली. आतून पोखरलेली, भिंती पातळ राहिलेल्या. ठणका थांबला म्हणून कॅप "दिवाळीनंतर बघू" म्हणतात आणि चकलीने दाढ उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली तर दाढ काढण्याशिवाय मार्ग उरत नाही. दुसरी, मोठी चांदी भरलेली जुनी दाढ. तिसरी, रात्री दात खाणाऱ्यांच्या दाढा, त्यांना आधीच बारीक चिरा असतात. चावताना, विशेषतः दाब सोडताना, क्षणभर तीव्र कळ येत असेल आणि गारही लागत असेल, तर चीर पडल्याची ती खूण. अशा बाजूने कडक काही खाऊ नका आणि सणाआधीच दाखवून घ्या.

तपासणीची वेळ म्हणजे नवरात्राच्या आधी. रूट कॅनल आणि कॅप मिळून तीन-चार खेपा होऊ शकतात. लक्ष्मीपूजन ते भाऊबीज बहुतेक दवाखाने बंद असतात. खासगी खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, गोव्यात बांबोळीला दंत महाविद्यालय आहे.

रानजाई

साखरेऐवजी गूळ किंवा खजूर वापरलं तर दातांना चालतं ना? हल्ली "बिनसाखरेचे" लाडू म्हणून खजुराचेच विकतात.

गोदाकाठ

नाही, दाताला फरक पडत नाही. गुळातही मोठा भाग सुक्रोजचाच, म्हणजे साखरेचा असतो. मधात आणि खजुरात ग्लुकोज, फ्रुक्टोज असतं, जिवाणूंना तेही चालतं. शिवाय खजूर, मनुका आणि अंजीर चिकट असतात, दाढेच्या खाचेत बसून राहतात. खजुराचा लाडू पोषणाला चांगला असेल, दाताला तो गोडच. नियम तोच, एका बैठकीत खा आणि चूळ भरा.

उलट बाजूही सांगतो. चिवडा आणि शेव तिखट म्हणून निर्धास्त राहू नका. पोहे, मैदा आणि बेसन यांचा लगदा दाढेच्या खाचेत चॉकलेटपेक्षाही जास्त वेळ टिकू शकतो, आणि लाळेतलं अमायलेज नावाचं पाचक द्रव्य त्या पिठाची साखरच करत असतं. खोलगट दाढा असणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे विशेष पाहायला हवं.

चिकटपणाबद्दलचा जुना पुरावा स्वीडनमधला आहे. वीपेहोल्म इथल्या मानसिक विकलांगांच्या संस्थेत १९४० च्या दशकात प्रयोग सुरू झाला. जेवणासोबत साखर दिलेल्यांच्या किडीत थोडीच वाढ दिसली, पण दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी दिलेल्यांचे दात झपाट्याने किडले. त्या माणसांची संमती घेतलेली नव्हती, हे आज वाचताना अस्वस्थ करतं. पण "केव्हा आणि किती वेळा" हे दंतशास्त्राला कळलं त्यात त्यांच्या दातांचा वाटा आहे, म्हणून ते नोंदवलंच पाहिजे.

नीलमोहर

लहान मुलांचं वेगळं काही? पाहुणे सारखे हातावर काहीतरी ठेवतात.

आजोळ

नीलमोहरताई, मुलांसाठी एक छोटा डबा ठेवा. पाहुण्यांनी दिलेला खाऊ त्यात जातो आणि संध्याकाळच्या दुधाच्या वेळी मूल त्यातलं निवडून खातं. नाही म्हणावं लागत नाही, पाहुण्यांचाही मान राहतो. चघळायच्या गोळ्या आणि लॉलीपॉप तेवढे शक्यतो टाळा, त्या वीस-वीस मिनिटं तोंडात राहतात.

गोदाकाठ

आजोळ यांची सूचना उत्तम. त्यात भर घालतो.

पेस्ट किती घ्यायची : तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. जाहिरातीत दिसते तशी ब्रशभर लांब पट्टी कोणालाच लागत नाही. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश मोठ्यांनी करून द्यावा, मुलाच्या हाताला तोवर ते वळण नसतं.

सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे कायमची पहिली दाढ येते. कोणताही दात पडल्याशिवाय ती येते, त्यामुळे आईवडील तिला दुधाचीच समजतात. ती आयुष्यभर पुरवायची आहे. मुलाला उजेडात बसवून आ करायला लावा, मागून मोजा. तिच्या खोल खाचा सीलंटने, म्हणजे दातावर चढवायच्या पातळ लेपाने, बुजवून घेता येतात, त्याला भूल लागत नाही आणि दात कोरावाही लागत नाही.

पेस्टच्या नळीवर फ्लोराइड किती ते वाचा. भारतात कमाल मर्यादा १००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १००० भाग, आहे आणि प्रमाण छापणं बंधनकारक आहे. बऱ्याच आयुर्वेदिक पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच. गेरू घातलेलं लाल मंजन खरखरीत असतं, रोज घासलं तर दात झिजतो. मशेरी तर तंबाखूच, ती दातालाही नको आणि तोंडालाही नको.

विदर्भवासी

यवतमाळ, चंद्रपूर भागात विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात. तिथेही फ्लोराइडची पेस्ट चालेल का?

गोदाकाठ

ते डाग दात हिरडीच्या आत तयार होत असताना पोटात गेलेल्या फ्लोराइडमुळे पडतात, दर्शनी दातांसाठी हा धोका साधारण आठ वर्षांपर्यंत. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. तुमच्या भागात मुख्य उपाय पाण्याचा : बोअर तपासून घेणं, मुलांना प्यायला दुसऱ्या स्रोताचं पाणी देणं. पेस्ट थुंकली जाते, त्यामुळे मोठ्यांना अडचण नाही. लहान मुलं मात्र पेस्ट गिळतात, म्हणून पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या गावात सहा वर्षांखालच्या मुलांची पेस्ट दंतवैद्याला विचारूनच ठरवा.

मुक्कामपोस्ट_लेस्टर

इंग्लंडमधल्या मराठी घरांसाठी एक. इथल्या मोठ्यांच्या पेस्टमध्ये सहसा १४५० पीपीएम असतं, भारतातून पेस्टचा साठा आणायची गरज नाही. दुसरं, इथे ज्यांच्या दातांना ब्रेसेस आहेत अशी बरीच मुलं आहेत. पार्सलने आलेला फराळ त्यांना कसा द्यावा?

गोदाकाठ

ब्रेसेस असतील तर चकली, कडबोळी आणि चिक्की बंद. तारेचं ब्रॅकेट दाताला चिकटवलेलं असतं, पुढच्या दातांनी चकली तोडली की ते निखळतं. करंजी चालेल, पण पुढच्या दातांनी चावा न घेता हाताने तुकडे करून दाढेवर. चिरोटाही चुरून. नंतर ब्रॅकेटखाली बारीक इंटरडेंटल, म्हणजे दातांच्या फटींत जाणारा ब्रश फिरवायचा, नाहीतर ब्रेसेस काढल्यावर दातांवर खडूसारखे पांढरे चौकोन उरतात. ती किडीची पहिली पायरी.

पारिजात७

दातात अडकलेलं काढायला काडी चालते का?

गोदाकाठ

काडी, सेफ्टी पिन, नख यांपैकी काहीही नको. हिरडी फाटते आणि फट वाढते. फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, वापरा : हातभर, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर, दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळा, मध्ये इंचभर ताणलेला ठेवा. करवतीसारखा मागेपुढे करत दोन दातांमध्ये उतरवा, हिसका देऊ नका. एका दाताला वेढा देऊन हिरडीच्या किंचित खालून वर ओढा, मग दुसऱ्या दाताला तसंच. खसखशीचे, तिळाचे दाणे असेच निघतात. तीळ हिरडीखाली राहिला तर दोन दिवसांत तिथे सूज येते, लोकांना वाटतं दात किडला.

आजोळ

तुळशीच्या लग्नाचं कोणी लिहिलं नाही. त्यात ऊस, बोरं, चिंच आणि आवळा असतो. ऊस दाताने सोलायचा नाही, विळीने किंवा कोयत्याने सोलून गंडेऱ्या करून द्यायच्या. अक्रोड, बाटलीचं झाकण, फटाक्यांच्या माळेचा दोरा यांवरही दात लावायचे नाहीत. आणि जेवणानंतर पानसुपारी. कडक सुपारीने दाढा झिजतात आणि चिरतात. त्यापेक्षा गंभीर म्हणजे सुपारी कर्करोगकारक आहे, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ती २००४ मध्ये त्या यादीत घातली. पाहुण्यांसमोर तबकात बडीशेप आणि ओवा ठेवा, खडीसाखर न घालता.

कवळी असणाऱ्यांसाठी : फराळानंतर कवळी काढून नळाखाली धुवा, तीळ-खसखस खाली राहिली तर हिरडीला जखम होते. गरम पाणी नको, कवळी वाकते आणि मग बसत नाही. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. धुताना खाली बेसिनमध्ये पाणी किंवा टॉवेल असू द्या, हातातून निसटली तर फुटणार नाही.

रानजाई

आणि भाऊबीजेच्या दिवशी दात तुटलाच, दवाखाना बंद, तर?

गोदाकाठ

टवका उडाला असेल तर कोमट पाण्याने चूळ भरा, तुकडा सापडला तर दुधात ठेवा, काही वेळा तोच परत चिकटवता येतो. धार जिभेला लागत असेल तर बिनसाखरेचं च्युइंगगम चावून त्यावर बसवा. कॅप निघाली तर धुऊन डबीत ठेवा, गिळू नका, घरच्या सुपरग्लूने कधीही चिकटवू नका.

ठणका असेल तर पॅरासिटामॉल गोळी पोटात घ्यायची, हिरडीवर ठेवायची नाही. अॅस्पिरिन हिरडीवर ठेवल्यास कातडी भाजते. लवंगेचं तेलही बोळ्याला एक थेंब, किडलेल्या खड्ड्यापुरतं, हिरडीवर पसरवलं तर तीही भाजते. गालावर सूज असेल तर बाहेरून गार पट्टी, शेक नाही. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू करू नका.

सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकत असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल, गिळायला किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर सण न बघता मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. ही वाट बघायची गोष्ट नाही.

किल्ला करताना, फटाक्यांच्या धावपळीत मूल पडून कायमचा दात अख्खा मुळासकट बाहेर आला तर दात वरच्या पांढऱ्या बाजूनेच धरा, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दुधात किंवा नळाखाली दहा सेकंद धुवा, घासू नका. लगेच त्याच जागी बसवा आणि स्वच्छ रुमाल चावायला द्या. बसवणं जमत नसेल तर दात वाटीभर दुधात ठेवा. तासाच्या आत दंतवैद्याकडे पोचलात तर तो दात जगण्याची चांगली आशा असते, अर्ध्या तासात पोचलात तर आणखी चांगली. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, खालच्या कायमच्या दाताला इजा होते.

नीलमोहर

त्यासाठी कोणता दवाखाना उघडा आहे ते आधीच विचारून नंबर फ्रिजवर लावून ठेवते. वाटीभर दूध तर घरात असतंच.